टेंभुर्णीहून सोलापूरला, एक प्रोटॉन बघायला

या ब्लॉगवर लडाखचं लिहिलं, अंदमानचं लिहिलं, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी विचारलंच, की तुमचा सगळ्यात लांबचा प्रवास कुठला. दरवेळी मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. खरं उत्तर द्यायचं तर टेंभुर्णी ते सोलापूर. आज चौपदरी रस्त्याने गाडी काढलीत तर दीड तासात पोचाल. सत्तरच्या दशकात एसटीने अर्धा दिवस जायचा.

आमचं गाव टेंभुर्णीपासून माढ्याच्या बाजूला, आत. वडील, म्हणजे आबा, विहिरी बांधणारे गवंडी होते. मी लहान असताना विहिरीच्या कडेला बसून त्यांचं काम बघायची. एकदा छिन्नीखालची कपची उडाली आणि माझ्या उजव्या डोळ्यात गेली. त्या डोळ्याने मला पुढे कधी दिसलं नाही. आबा त्याबद्दल घरात एक शब्द बोलायचे नाहीत, पण त्या दिवसानंतर मी काम चालू असलेल्या विहिरीजवळ गेले की ते हातोडा खाली ठेवायचे आणि मी लांब जाईपर्यंत उचलायचे नाहीत.

मॅट्रिक झाल्यावर मी मास्तरकीच्या प्रशिक्षणाला अर्ज केला. तिथे डोळ्यावरून नाकारलं. नर्सिंगला गेले, तिथेही तेच झालं, आणि तेही रांगेतल्या सगळ्या मुलींसमोर. घरी आल्यावर आबा म्हणाले, "आता बास. कुणाच्या दारात हुबं राहायचं न्हाय."

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या शाळेतल्या गुरुजींनी वर्तमानपत्रातली एक जाहिरात आणून दाखवली. सोलापूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या संशोधनासाठी सूक्ष्मदर्शकावर मोजमाप करायला मुली हव्या होत्या. शिक्षण मॅट्रिक पुरे. खाली लिहिलं होतं, नजर चांगली हवी. गुरुजी म्हणाले, सूक्ष्मदर्शकात बघायला एक डोळा पुरतो, आपण शाळेत एकच डोळा लावतो की. मला ते पटलं. आबांना मुळीच पटलं नाही. पण आईने दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं, आणि तिसऱ्या दिवशी आबा धोतर बदलून सोलापूरला निघायला तयार झाले.

हुरड्याचे दिवस होते. टेंभुर्णीच्या स्टँडवर पहाटेपासूनच शेकोट्या पेटलेल्या असायच्या आणि पुण्याकडून येणारी गाडी कधीच वेळेवर नसायची. आमच्या गाडीत उजनीच्या धरणावर काम करणारी माणसं होती, सुटीला घरी निघालेली. आबांच्या शेजारच्या माणसाने पानाची चंची उघडत विचारलं, "कुटं निघाला पाव्हणं?"

"सोलापूरला. पोरीला काम बघाया."

"कसलं काम?"

"दुर्बिणीत बघायचं हाय म्हनं."

"आभाळातलं व्हय?"

"न्हाय. काचंतलं," आबा म्हणाले, आणि त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्या माणसाने पान लावायला घेतलं.

रस्ता दोन्ही बाजूंनी ज्वारीने भरलेला. या दिवसांत कधी गेलात तर मुद्दाम खिडकीशी बसा. कणसं भरलेली असतात, गोफणी घेतलेल्या बाया माळ्यांवर उभ्या असतात, आणि मोहोळच्या अलीकडे जमीन एकदम सपाट होऊन आभाळ फार मोठं दिसायला लागतं. मोहोळला गाडी थांबली तेव्हा आम्ही आईने बांधून दिलेली बाजरीची भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. ही चटणी आता पाकिटात सगळीकडे मिळते. तरी सोलापुरात घ्यायची तर उखळात कुटलेली घ्या, तेल सुटलेली. ती हाताला लागली पाहिजे.

सोलापूरच्या स्टँडवरून टांगा केला. सात रस्त्याला मी पहिल्यांदा एवढ्या वाटा एका जागी आलेल्या पाहिल्या. सायकली, टांगे, मिलची भोंग्याआधीची गर्दी. टांगेवाला घोड्याशी दखनी उर्दूत बोलत होता आणि आमच्याशी मराठीत. त्याने आम्हाला कॉलेजच्या फाटकाशी सोडलं.

कामाच्या प्रमुख इनामदार बाई होत्या. मुंबईत शिकून आलेल्या, पांढरी सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा. मी अशी बाई पाहिली नव्हती जिला बघून पुरुष कारकून खुर्चीतून उठतो. त्यांनी माझं नाव विचारलं. मी "शालन" म्हणेपर्यंत आबा मध्येच बोलले.

"बाई, आदीच सांगतो. तिला उजव्या डोळ्यानं दिसत न्हाय. माझ्याच हातनं झालंया ते. हिचं गुरुजी म्हणत्यात, दुर्बिणीला एक डोळा पुरतो. पण तुमच्या कामानं हाय तो बी डोळा गेला तर?"

मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. घरी त्यांनी कधी "माझ्याच हातनं" म्हटलं नव्हतं. बाई उठल्या. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं.

"खरं सांगू का," त्या आबांना म्हणाल्या, "मोजायला एक डोळा चालेल. तुमच्या मुलीच्या गुरुजींचं बरोबर आहे. पण ह्या मुली दिवसभर बघतात. डोळ्यावर ताण येतो. मला याबाबतीत तुमच्याइतकीच भीती वाटते. डॉक्टरांना विचारू. आणि उद्या हिला यंत्रावर बसवून बघू. मग तुम्ही आणि मी मिळून ठरवू."

आबांना कुणी "मिळून ठरवू" म्हणालेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. त्यांनी होकाराची मान हलवली.

संध्याकाळी बाई आम्हाला सात रस्त्याजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. म्हातारे होते, हळू बोलायचे. त्यांनी माझ्या डाव्या डोळ्यात बराच वेळ बॅटरी मारून पाहिलं.

"डोळा बघण्यानं झिजत नाही," ते आबांना म्हणाले. "थकतो. थकला की त्याला विश्रांती द्यायची. थोड्या थोड्या वेळाने उठून लांबचं बघायचं. भीती दुसरीच आहे. उरलेल्या डोळ्याला मार लागता कामा नये. हिला चष्मा करा, नंबर नसला तरी. साध्या काचेचा. घरात, शेतात, सगळीकडे घालू दे."

आबांनी विचारलं, "हे आदी कुणी सांगितलं असतं तर?"

"तर आधीपासून घातला असता," डॉक्टर म्हणाले. "आता घाला."

मुक्काम कुठे करायचा हा प्रश्न होता. बाईंकडे काम करणारी अनसूया म्हणून एक मुलगी होती, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी. ती म्हणाली, "आमच्यात चला की, जागा हाय." तिचं घर शहराच्या पूर्वेला, विणकरांच्या वस्तीत. गल्लीत शिरलं की मागांचा आवाज पायांतून वर येतो. घरात सगळे तेलुगू बोलत. तिच्या आईने मला बघितल्याबरोबर विचारलं, "तिन्नावा अम्मा?" म्हणजे जेवलीस का. मी नाही म्हटल्यावर ताटात भात, आमटी, तिखट लोणचं आलं. आबा आणि अनसूयाचे वडील एकमेकांची भाषा अर्धीच समजत असूनही सुताच्या आणि दगडाच्या भावांबद्दल बोलत बसले. सोलापूरला आलात तर या भागात जरूर फिरा. आता माग कमी झालेत, पण एखाद्या गल्लीत तो आवाज अजून ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत शिरले. खिडक्यांना जाड पडदे, आत अंधुक, टेबलांवर ओळीने सूक्ष्मदर्शक. शाळेत पाहिलेला सूक्ष्मदर्शक या यंत्रांपुढे खेळण्यासारखा होता. खाली सरकणारा मंच, त्याला बारीक आटे असलेले स्क्रू, बाजूला भिंग किती खोल उतरलं ते दाखवणारं चाक, त्याच्यावर रेघा.

बाईंनी एक काच हातात दिली. हाताएवढी, वर पिवळट जाडसर लेप. "हा फोटोच्या फिल्मसारखाच लेप आहे," त्या म्हणाल्या, "फक्त खूप जाड. अमेरिकेत एक प्रचंड गोल यंत्र आहे. त्यात प्रोटॉन, म्हणजे अणूच्या गाभ्यातला कण, फिरवून फिरवून वेग देतात. मग तो या लेपात सोडतात. काच तिकडे धरली, मग धुऊन आपल्याकडे आली. प्रोटॉन ज्या वाटेने गेला तिथे काळ्या ठिपक्यांची रांग उमटलीय. तुझं काम ती रांग धरून चालायचं."

भिंगावर तेलाचा थेंब टाकला. मी डावा डोळा लावला. दोन नळ्यांपैकी उजवी माझ्यासाठी नुसतीच होती. सुरुवातीला नुसतं धुकं. मग बाईंनी माझा हात बाजूच्या चाकावर ठेवला आणि हळूच फिरवायला लावलं, आणि धुक्यातून ठिपके वर आले. चाक थोडं पुढे गेलं तर ते बुडाले आणि दुसरे आले. लेपाला तळ होता आणि मी वरून खाली उतरत होते.

"बाकीच्यांनाही दोन डोळ्यांनी यातली खोली दिसत नाही," बाई म्हणाल्या. "ती चाकानेच कळते. कुठल्या रेघेवर ठिपका स्पष्ट झाला, ते वाचायचं. म्हणून म्हटलं, एक डोळा चालेल. आणखी एक लक्षात ठेव, लेप धुताना आकसलाय, निम्म्याहून पातळ झालाय. म्हणून तू मोजशील ती खोली खरी खोली नसते. ती नंतर आपण वाढवून घेतो."

त्यांनी आधी शोधून ठेवलेली एक टक्कर मला दाखवली. एक बारीक रांग डावीकडून येते, सरळ, आणि एका जागी थांबते. तिथून एकदम अनेक रांगा फुटतात. काही जाड, काळ्या, आखूड, कुठल्याही दिशेला गेलेल्या. आणि समोरच्या बाजूला बारीक रांगांचा एक झुबका, केरसुणीसारखा, सगळा पुढे झेपावलेला.

"जाड आहेत ते ज्या अणूवर आदळला त्याच्या गाभ्याचे तुकडे," बाई म्हणाल्या. "पण हे बारीक बघ. हे तुकडे नाहीत. टक्कर व्हायच्या आधी हे कण नव्हतेच. प्रोटॉनच्या वेगातून ते तयार झाले."

मी डोळा काढून त्यांच्याकडे बघितलं. "म्हणजे आत होते आणि बाहेर आले, असं नाही?"

"नाही. नव्हते, आणि झाले."

मी परत डोळा लावला. मला आजही तो क्षण सांगता येत नाही. मी शेतातलं बी रुजताना पाहिलं होतं, शेळी विताना पाहिली होती. जे येतं ते कशातून तरी येतं, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. इथे नुसत्या वेगातून वस्तू झाली होती, आणि तिने जाता जाता आपली वाट लेपात उमटवून ठेवली होती.

मग मोजायला बसले. झुबक्यातली एकेक रांग धरायची, टकरीच्या जागेपासून थोडी पुढे जायचं, मंचाचे दोन आकडे आणि चाकाचा एक आकडा वाचायचा, त्यावरून ती रांग प्रोटॉनच्या मूळ दिशेपासून किती वळली ते काढायचं. अनसूयाने तेच आदल्या आठवड्यात मोजलेलं होतं. मला तिचे आकडे दाखवले नाहीत. माझं झाल्यावर बाईंनी दोघींचे आकडे शेजारी ठेवले. थोडा थोडा फरक होता. माझं तोंड उतरलं.

"फरक असणारच," बाई म्हणाल्या. "अगदी तंतोतंत जुळलं असतं तर मला संशय आला असता. तो किती आहे ते महत्त्वाचं, आणि तो ठीक आहे."

अनसूया पलीकडून म्हणाली, "माझा पहिल्या दिवशी याच्या दुप्पट होता बघ."

दुपारी त्यांनी मला एक अशी काच दिली जी अजून कुणी बघितली नव्हती. काचेच्या कडेला एक प्रोटॉन धरायचा आणि त्याच्या मागे मागे जायचं. मी निघाले. ठिपका, ठिपका, ठिपका. बाजूने त्याच दिशेला दुसरे प्रोटॉन जात होते, त्यांच्यात मिसळायचं नाही. लेपाच्या दुसऱ्या टोकाला रांग बाहेर पडली. काहीच झालं नाही. दुसरा धरला. तोही तसाच सुटला. तिसरा. बाई म्हणाल्या होत्या, बहुतेक जण न आदळताच जातात, कारण अणूचा गाभा अणूच्या मानाने फारच लहान असतो आणि बाकी मोकळंच. मी दर थोड्या वेळाने उठून व्हरांड्यात जात होते, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लांब बघत होते. आबा पायरीवर बसलेले असायचे. ते माझ्या डोळ्याकडे बघायचे, लाल झालाय का ते.

उन्हं कलली तेव्हा मी धरलेली एक रांग थांबली. मला आधी वाटलं मीच हरवले. चाक पुढे मागे केलं. रांग खरंच तिथे संपली होती आणि तिथून झुबका फुटला होता. मी कुणाला बोलावलं नाही. झुबक्यातल्या रांगा मोजल्या, परत मोजल्या. मग पुढे सरकत गेले तर झुबक्याच्या मधोमध, टकरीपासून बरंच पुढे, दोन नव्या रांगा एकमेकींना चिकटून सुरू झालेल्या दिसल्या. मागे काही नाही. रिकाम्या जागेतून दोघी एकदम निघाल्या होत्या.

"बाई," मी हाक मारली, "या दोघी मधूनच निघाल्यात. यांच्या मागं वाट न्हाय." घाईत मी घरच्या बोलीत बोलले.

बाई आल्या आणि यंत्राशी वाकल्या. मग त्यांनी मंच मागे नेत नेत टकरीच्या जागेपर्यंत आणला. "यांची दिशा मागे वाढव. कुठे जाते?"

"तिथंच. टकरीपाशी."

"मग टकरीतून काहीतरी निघालं जे खूण न ठेवता इथवर आलं. ज्यांच्यावर विद्युतभार नसतो ते वाट उमटवत नाहीत. हा प्रकाशाचाच एक फार जोरकस प्रकार होता. इथे येऊन त्याचे दोन कण झाले, एक इलेक्ट्रॉन आणि एक त्याचा उलट्या भाराचा जोडीदार. वाट दिसत नाही, पण ती होती. हे आम्हाला अधूनमधून सापडतं. सापडलेलं नोंदवायला मात्र नेटाने बघणारं माणूस लागतं."

मग त्यांनी दार उघडून आबांना आत बोलावलं. आबा चप्पल काढून आले. मी त्यांना स्टुलावर बसवलं, त्यांचा दगडाने घट्टे पडलेला हात चाकावर ठेवला. "हळू फिरवा आबा. विहिरीत उतरल्यागत."

त्यांनी फिरवलं. पहिल्यांदा ते मध्येच मान वर करून माझ्याकडे बघत होते, मग त्यांनी मान वर करणं सोडलं. खोलीतल्या मुली आपापलं काम सोडून त्यांच्याकडे बघत होत्या आणि त्यांना त्याचं भान नव्हतं.

"हे सगळं हिनं हुडकलं?" त्यांनी डोळा न काढता विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. "ही टक्कर अमेरिकेत झाली तेव्हा तिथे कुणाला ती दिसली नाही. काच धुऊन इथे आली, तरी दिसली नव्हती. जगात पहिल्यांदा तुमच्या मुलीने बघितली."

आबा उठले. धोतराच्या सोग्याने त्यांनी डोळे पुसले, दोन्ही. मग खोलीकडे निरखून बघायला लागले, पडद्यांकडे, भिंतींकडे, गवंड्याच्या नजरेने.

"बाई, हिच्या बसायच्या जागंला खिडकी न्हाय. डाक्टर म्हणालं लांबचं बघाया पायजे. दर येळी उठून भाईर जायाला ही कटाळा करंल. ती कोपऱ्यातली जागा द्या. पडदा सारला की समोर मैदान हाय."

ती कोपऱ्यातली जागा अनसूयाची होती. बाईंनी तिच्याकडे बघितलं. तिने आपली वही आणि पाण्याचा तांब्या उचलला आणि शेजारच्या टेबलावर नेऊन ठेवला. "बस की," ती मला म्हणाली.

कामावर यायचा दिवस ठरला, आणि तिसऱ्या दिवशी चष्मा घेऊन परतलो. सात रस्त्यावरच्या दुकानात काळ्या जाड काड्यांची चौकट होती, तीच घेतली. तिकिटाचे आणि चष्म्याचे किती पैसे झाले आता आठवत नाही. गाडीला गर्दी होती, मोहोळपर्यंत आबा उभेच होते. पुढे जागा मिळाल्यावर त्यांना झोप लागली, आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी ज्वारीकडे बघत बसले. त्या प्रत्येक धाटातल्या, गाडीच्या पत्र्यातल्या, माझ्या हातातल्या अणूंत मधलं सगळं मोकळंच आहे, हे आदल्या दिवशी कळलं होतं. तरी आबांच्या डोक्याचा भार खांद्याला चांगलाच लागत होता. हे दोन्ही एकदम कसं खरं असेल, याचा विचार करता करता टेंभुर्णी आली.

तुमच्यापैकी कुणी हा प्रवास करणार असाल तर एक सांगते. ती खोली आता तशी नाही. पुढे अशी कामं संगणक करू लागले, काचा कपाटांत गेल्या. मी तिथे काचा होत्या तोवर काम केलं, मग तिथल्याच प्रयोगशाळेत निवृत्तीपर्यंत राहिले. डावा डोळा शाबूत आहे, हे त्याच डोळ्याने बघून लिहितेय. ते गोल यंत्र मी कधीच पाहिलं नाही, आणि पाहायला हवं होतं असंही फारसं वाटत नाही. इतकं फिरले, पण कुठल्याही डोंगरावर किंवा समुद्राशी उभी राहिले तरी तिथे माझ्या आधी कुणीतरी येऊन गेलेलं असतं. त्या दुपारी जिथे मी पोचले होते तिथे कुणी आलं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा आई अंगणात कणसं मळत होती. आबा हातपाय धुवायला गेले. मी आईच्या शेजारी बसले आणि तिला सगळं सांगितलं, प्रोटॉन, झुबका, मागे वाट नसलेल्या दोन रांगा, आणि हे जगात पहिल्यांदा मीच बघितलं असं बाई म्हणाल्या, तेही. ती हात न थांबवता ऐकत होती.

"मग कुणाला सांगितलंस का न्हाय?" तिने विचारलं.

"सांगितलं की. बाईंना. त्यांनी लिहून घेतलं."

"बरं केलंस," आई म्हणाली, आणि सूप माझ्याकडे सरकवलं.